घरात दोन राउटर, एक प्रिंटर: पुढच्या कॉम्प्युटरवरून प्रिंट का जात नाही? (फाईल शेअरिंगचापण प्रश्न आहे)

माजघर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर कुडाळजवळच्या गावात, जुनं चिरेबंदी. फायबरची वायर पडवीत येते आणि कंपनीने बसवलेला डबा तिथेच आहे, वायफाय त्यातूनच मिळतं. पण चिऱ्याच्या भिंती जाड, माजघर ओलांडलं की रेंज संपली. म्हणून मे महिन्यात भाचा आला होता त्याने एक दुसरा राउटर आणून पडवीतून केबल ओढून मागच्या खोलीत लावून दिला. तेव्हापासून इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालतं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

पडवीतल्या टेबलावर माझा डेस्कटॉप आहे, विंडोज १०, केबलने डब्याला जोडलेला. त्यावर मी बचत गटांचे हिशोब, ठराव, अर्ज असलं टायपिंगचं काम करते. मुलीचा लॅपटॉप विंडोज ११, तो मागच्या खोलीत. आणि मध्ये माजघरात इंक टँकवाला वायफाय प्रिंटर.

आता अडचण अशी की मुलीच्या लॅपटॉपवरून प्रिंट लगेच निघते. माझ्या मोबाईलवरून कधी निघते, कधी "प्रिंटर सापडला नाही" येतं. आणि डेस्कटॉपवरून, म्हणजे जिथे खरं काम आहे तिथून, कधीच नाही. सतत ऑफलाइन. ड्रायव्हर तीनदा काढून टाकून परत टाकला. फोल्डरचंपण विचित्र आहे, लॅपटॉपवरून डेस्कटॉपचा शेअर केलेला फोल्डर पत्ता टाकला की दिसतो, पण डेस्कटॉपवरून लॅपटॉपचा काही केल्या दिसत नाही. मग मी पेनड्राइव्ह घेऊन पडवीतून मागे आणि मागून पडवीत, दिवसातून आठ-दहा वेळा. गटाच्या बायका ओटीवर कागदासाठी बसलेल्या असतात आणि मला त्यांना थांबवून ठेवायला बरं वाटत नाही हो.

कोणी सांगू शकेल का नक्की कुठे चुकतंय?

भिजपाऊस | रविवार, रात्री ९:३०

ताई, प्रिंटर आणि राउटर दोन्ही बंद करून दोन मिनिटांनी चालू करून बघा. आमच्याकडे बऱ्याचदा तेवढ्यानेच होतं. नाहीतर प्रिंटरचं अ‍ॅप डेस्कटॉपवर टाका, ते आपोआप शोधतं.

तारवाला | रविवार, रात्री ९:५८

माजघर ताई, ड्रायव्हरला हात लावू नका आता, तो दोष ड्रायव्हरचा वाटत नाही. मी पुण्यात ऑफिसांची नेटवर्कं जोडायचं काम करतो, तुम्ही जे लिहिलंय ना की आतून बाहेरचं दिसतं पण बाहेरून आतलं दिसत नाही, त्यावरून मला बराच अंदाज आलाय. पण अंदाजावर नको, तीन आकडे द्या.

एक, डेस्कटॉपवर स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल, त्यात आयपीकॉन्फिग ही कमांड द्या आणि यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस समोर काय आहे ते लिहून घ्या. दोन, तेच लॅपटॉपवर. तीन, प्रिंटरच्या पॅनलवरून नेटवर्क स्टेटसचा कागद छापा, बहुतेक वायफायवाल्या प्रिंटरला ती सोय असते, नेटवर्कचं किंवा माहितीचं बटण दाबून धरलं की निघतो. त्यावर प्रिंटरचा आयपी असेल.

आणि भाच्याने केबल मागच्या राउटरच्या कुठल्या भोकात घातलीये तेपण बघा. एक भोक वेगळ्या रंगाचं असतं, बऱ्याचदा निळं, त्यावर वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं असतं.

माजघर | रविवार, रात्री १०:२६

दादा, कागद निघाला! डेस्कटॉप १९२.१६८.१.७, लॅपटॉप १९२.१६८.०.१०२, प्रिंटर १९२.१६८.०.१०५. केबल निळ्या भोकात आहे.

तारवाला | रविवार, रात्री ११:०५

मग सापडलं. तिसरा आकडा बघा. डेस्कटॉपचा १ आहे, लॅपटॉप आणि प्रिंटरचा ०. म्हणजे तुमच्या घरात एक नाही, दोन वेगळी नेटवर्कं आहेत.

होतं काय की कंपनीचा डबा स्वतःच राउटर आहे, तो त्याला जोडलेल्या सगळ्यांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. भाच्याने आणलेला पण राउटरच, आणि केबल वॅनच्या भोकात घातल्यावर तो समजतो की ही केबल म्हणजे बाहेरचं इंटरनेट, आणि आपल्या मागे तो १९२.१६८.० वाले पत्ते वाटून स्वतःचं वेगळं घर मांडतो. त्याच्या आतल्या कोणी बाहेर काही मागितलं तर तो स्वतःच्या नावाने मागून आणून देतो, म्हणून इंटरनेट चालतं आणि लॅपटॉपला डेस्कटॉपचा फोल्डर पण मिळतो, कारण डेस्कटॉप त्याच्या दृष्टीने बाहेर आहे. पण डेस्कटॉपने १९२.१६८.०.१०५ शोधायला सुरुवात केली की पडवीतला डबा म्हणतो असा पत्ता माझ्याकडे नाहीच, आणि मागचा राउटर बाहेरून आपणहून आलेल्याला आत घेत नाही. वाडीला बाहेर पडायची वाट आहे, आत यायला दार नाही, तसं. याला डबल नॅट म्हणतात आणि फायबर आल्यापासून घराघरात हेच झालंय, कारण नुसत्या इंटरनेटला काहीच त्रास होत नाही म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

तुमच्या मोबाईलचं कोडंपण यातच आहे. माजघरात तो कधी पुढच्या वायफायला चिकटतो, कधी मागच्या. मागच्याला असला की प्रिंट होते.

उपाय: मागच्या राउटरला राउटर राहू द्यायचं नाही, त्याने फक्त वायफाय पसरवायचं. त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, झालं, केबलपण काढायला लागत नाही. तो नसेल तर हाताने करू: लॅपटॉप मागच्या राउटरला जोडलेला ठेवून त्याचं पान उघडा (१९२.१६८.०.१), आधी लॅनच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, बंद करा, आणि सगळ्यात शेवटी केबल निळ्या भोकातून काढून बाजूच्या साध्या लॅनच्या भोकात घाला. केबल आधी हलवलीत आणि डीएचसीपी चालू राहिलं तर घरात दोघंजण पत्ते वाटायला लागतील आणि इंटरनेटपण जाईल, म्हणून क्रम पाळा. त्याआधी दुसरं कुठलं यंत्र १९२.१६८.१.२ वापरत नाही ना हे डब्याच्या पानावर बघून घ्या.

निवृत्त_सर्वेअर | सोमवार, सकाळी ७:१५

तारवाला यांनी अगदी बरोबर सांगितलंय, मी फक्त माझा अनुभव जोडतो कारण लक्षण हेच असून कारण वेगळं असू शकतं हे इथे येणाऱ्या बाकीच्यांना कळावं. आमच्याकडे साताऱ्याला एकच राउटर आहे तरी प्रिंटर दिसेना, आयपी पण सगळे एकाच रांगेतले, मी दोन आठवडे डोकं आपटलं, शेवटी कळलं की सुनेने पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय चालू केलं होतं आणि प्रिंटर जोडताना तेच नाव निवडलं गेलं होतं, आणि गेस्ट वायफायचं कामच मुळी हे की त्यावरच्याला इंटरनेट मिळावं पण घरातली बाकीची यंत्रं दिसू नयेत. काही राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन नावाची खूण मुख्य वायफायलापण असते, ती पडलेली असेल तर दोन मोबाईल एकमेकांशेजारी ठेवले तरी एकमेकांना दिसत नाहीत.

अजून एक, बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ गिगाहर्ट्झचं नाव त्यांना यादीत दिसतच नाही. राउटर बदलल्यावर प्रिंटर जोडला जात नसेल तर आधी हे बघावं, आणि सुरक्षेत फक्त डब्ल्यूपीए३ निवडलं असेल तर डब्ल्यूपीए२ सह मिश्र करावं, जुन्या प्रिंटरला ३ कळत नाही.

माजघर | सोमवार, दुपारी २:४०

अ‍ॅक्सेस पॉइंट मोड नव्हता म्हणून हाताने करायला घेतलं. पत्ता १.२ केला आणि सेव्ह दाबलं तर पान जे गेलं ते परत येतच नाही. डीएचसीपी बंद करायचं राहिलंय. काही बिघडवलं का मी? मागच्या खोलीत इंटरनेट पण गेलंय, मुलीचा उद्या सबमिशन आहे.

तारवाला | सोमवार, दुपारी २:५२

काही बिघडलेलं नाही, घाबरू नका. पत्ता बदलल्यामुळे राउटर आता नव्या पत्त्यावर राहायला गेलाय, तुम्ही जुन्या दारावर टकटक करताय. आणि निळ्या भोकातून येणाराही १९२.१६८.१ आणि त्याचा स्वतःचाही १९२.१६८.१, म्हणून तो गोंधळलाय, इंटरनेट गेलं ते त्यामुळे. निळी केबल तात्पुरती काढा, लॅपटॉपचं वायफाय बंद करून चालू करा, मग १९२.१६८.१.२ उघडा. पान येईल. डीएचसीपी बंद करा, सेव्ह करा, आणि मग केबल लॅनच्या भोकात. निळी केबल आधी काढायला सांगायला हवं होतं मी, ते माझ्याकडून राहिलं.

माजघर | सोमवार, दुपारी ३:३५

आलं!! पान आलं, डीएचसीपी बंद केलं, केबल पिवळ्या भोकात घातली. लॅपटॉपला १९२.१६८.१.११ मिळालाय. प्रिंटर बंद-चालू केला, त्याला १९२.१६८.१.१२. डेस्कटॉपवर प्रिंटर आपोआप दिसला आणि मासिक सभेचं इतिवृत्त चार पानी, पडवीतून प्रिंट दिली आणि माजघरात खरखर आवाज आला. मी उठून धावत गेले बघायला.

पण आता लॅपटॉपवर उलटं झालंय, तिथे प्रिंटर ऑफलाइन!

तारवाला | सोमवार, संध्याकाळी ६:२०

होणारच, कारण लॅपटॉपने जुना पत्ता ०.१०५ लिहून ठेवलाय. तो प्रिंटर लॅपटॉपवरून काढून टाका आणि नव्याने जोडा. जोडताना आपोआप सापडलेला निवडण्यापेक्षा "मला हवा तो यादीत नाही" वर जाऊन टीसीपी/आयपी अ‍ॅड्रेसने जोडा, म्हणजे तो पत्ता पक्का राहतो. आपोआप जोडलेला बऱ्याचदा डब्ल्यूएसडी पोर्टवर बसतो आणि तो प्रिंटर झोपेतून उठला नाही की विनाकारण ऑफलाइन दाखवतो.

पण त्याआधी प्रिंटरला पत्ता कायमचा नेमून द्या, नाहीतर हेच परत होईल. डब्याच्या पानावर (१९२.१६८.१.१) डीएचसीपीमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन असतं. प्रिंटरने छापलेल्या त्या कागदावर मॅक अ‍ॅड्रेस असेल, सहा जोड्यांचा, तो टाकायचा आणि समोर १९२.१६८.१.५० लिहायचं. कंपनीने डब्याची ती सेटिंग कुलूपबंद केली असेल तर प्रिंटरच्याच पॅनलवर हाताने पत्ता घालता येतो, फक्त डबा ज्या रांगेतले पत्ते वाटतो त्या रांगेच्या बाहेरचा घ्या.

आणि दोन्ही वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या, मोबाईल मग घरभर फिरताना आपला आपण जवळचा पकडेल. चॅनल मात्र वेगळे, २.४ साठी पुढे १ ठेवलात तर मागे ६ किंवा ११.

माजघर | मंगळवार, सकाळी ११:०८

५० नंबर दिला, दोन्हीकडून आणि मोबाईलवरून प्रिंट होतेय. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

आता फोल्डर. डेस्कटॉपवर "गट" म्हणून फोल्डर आहे, तो शेअर केलाय. लॅपटॉप आता नाव-पासवर्ड विचारतो, मी रोज जो चार आकडी पिन टाकते तो टाकला, चुकीचा म्हणतो. आधी तर विचारत नव्हता, मुलगी म्हणते तिने केव्हातरी एकदा भरलं होतं. आणि लॅपटॉपवर "नेटवर्क डिस्कव्हरी बंद आहे" असंपण येतंय, कालपर्यंत येत नव्हतं.

सांगलीकर_हळद | मंगळवार, सकाळी ११:३०

सोप्पं आहे ताई, डेस्कटॉपवर नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये जाऊन पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाका, मग कोणी काही विचारत नाही. आणि तरीपण नाही झालं तर विंडोज फीचर्समध्ये जाऊन एसएमबी १ (विंडोजची फाईल शेअरिंगची जुनी पद्धत) वर टिक करा. आमच्या राउटरला मागे पेनड्राइव्ह लावलाय, तो पण एसएमबी १ चालू केल्यावरच दिसायला लागला. चार वर्षं झाली, काही प्रॉब्लेम नाही.

उरणकर | मंगळवार, दुपारी १:१२

सांगलीकर भाऊ, राग मानू नका पण एसएमबी १ चालू करायचा सल्ला कृपा करून कोणाला देऊ नका. मी उरणला राहतो. जून २०१७ मध्ये जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने ठप्प पाडलं होतं तेव्हा बाहेर रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरच्या रांगा लागलेल्या आम्ही डोळ्याने पाहिल्यात. त्याच्या महिनाभर आधी, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस येऊन गेलेला. दोन्ही एसएमबी १ मधल्या भोकातूनही एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरत होते. दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आलेली होती, ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांना जास्त फटका बसला. त्यानंतर विंडोज १० मध्ये नव्याने टाकताना एसएमबी १ येईनासंच झालं, ते त्यासाठीच.

घरात एका मुलाने गेमचा क्रॅक उतरवला आणि त्यातून काही शिरलं की शेअर केलेल्या आणि लिहायची परवानगी असलेल्या प्रत्येक फोल्डरला ते कुलूप लावत सुटतं. ताईंच्या फोल्डरमध्ये गटांचे हिशोब आहेत, बायकांचे आधार नंबर, बँकेची पानं असतील. तिथे पासवर्ड नको असं म्हणून कसं चालेल?

राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हचं म्हणाल तर तो काढून कॉम्प्युटरला लावा आणि तिथून शेअर करा. वेगही जास्त मिळेल.

सांगलीकर_हळद | मंगळवार, दुपारी १:४०

राग कसला उरणकर. मला खरंच माहीत नव्हतं, यूट्यूबवर बघून केलं होतं. आज बंद करतो. पण मग पासवर्डचं करायचं कसं, मला पण पिनवालाच त्रास होता म्हणून तर ते सगळं केलं.

शिरवळची | मंगळवार, दुपारी ४:०५

मी सांगते, कॉलेजात लॅब सांभाळते त्यामुळे हे दर जूनमध्ये करावं लागतं.

पिन हा फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. नेटवर्कला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि ईमेलने साइन इन करत असाल तर तो ईमेलचा पासवर्ड, जो निम्म्या लोकांना आठवतच नाही. म्हणून सगळ्यात सुटसुटीत म्हणजे डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं काढायचं, साधं, अ‍ॅडमिन नको. नाव द्या घर, इंग्रजी अक्षरांत, पासवर्ड बरा लांब. मग गट फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि तिथे फक्त घर या खात्याला परवानगी द्या. एव्हरीवन असेल तर काढा. परवानगी दोन ठिकाणी बघायची असते, शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये, दोन्हींत जी जास्त कडक ती लागू होते, शेअरला पूर्ण हक्क दिले आणि सिक्युरिटीत नुसतं रीड राहिलं की फाईल उघडते पण सेव्ह होत नाही, यात फार जण अडकतात. वर जी "शेअर" बटणाची सोपी पद्धत आहे ती दोन्ही एकदम करते, ताईंनी तीच वापरावी.

मग लॅपटॉपवर फाईल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि डेस्कटॉपचा आयपी टाका. विचारलं की युजरनेममध्ये डेस्कटॉपचं नाव, उलटी रेघ, घर, असं लिहा. नुसतं घर लिहिलं तर कधीकधी लॅपटॉप स्वतःकडेच ते खातं शोधतो. लक्षात ठेवा वर टिक करा.

नेटवर्क डिस्कव्हरीचं कारण वेगळं आहे. तुम्ही राउटरचं बदललंत त्यामुळे लॅपटॉपला हे नवीन नेटवर्क वाटलं आणि त्याने पब्लिक म्हणून धरलं, म्हणजे एसटी स्टँडवरच्या वायफायसारखं, कोणावर विश्वास नाही. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रायव्हेट करा. हे घरच्याच वायफायला करायचं.

आणि सांगलीकर, पासवर्ड बंद करायचा मार्ग आता तसाही मिटत चाललाय, विंडोज ११ प्रो च्या २४एच२ पासून पाहुणा म्हणून बिनपासवर्डाचं शिरणं मुळातच अडवलेलं आहे. तेव्हा आत्ताच खातं काढलेलं बरं.

कॅलगरीतून | मंगळवार, रात्री ८:५०

छान धागा. मध्येच विचारतो, आईबाबा मिरजेला असतात, मी इथून त्यांच्या प्रिंटरवर थेट प्रिंट देऊ शकेन का? राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून आत यायला दार उघडून, फोल्डर पण उघडता येईल ना? बाबांना औषधांची यादी मोठ्या अक्षरात छापून हवी असते दर महिन्याला.

तारवाला | मंगळवार, रात्री ९:३५

पोर्ट फॉरवर्ड करू नका, विशेषतः ४४५ नंबरचा, फाईल शेअरिंगचं ते दार जगासमोर उघडं ठेवणं म्हणजे उरणकरांनी सांगितलेल्या प्रकाराला आमंत्रण. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही, कंपनीकडेच अजून एक नॅट असतं, डब्याच्या पानावर वॅनचा आयपी १०० पॉइंट ६४ ते १२७ मधला दिसला तर समजायचं, मग फॉरवर्ड केलं तरी काही उपयोग नाही. तुम्ही पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, बाबा मोबाईलवरूनच प्रिंट देतील. अँड्रॉइडमध्ये प्रिंटची सोय आतच असते, आयफोनमध्ये २०१० पासून एअरप्रिंट आहे, दोघंही एकाच वायफायवर असले की झालं. एकदा फोनवर बसून शिकवा, जमतं.

निवृत्त_सर्वेअर | मंगळवार, रात्री १०:१०

कॅलगरीतून यांना: मी ६८ वर्षांचा आहे आणि सातबाराच्या पीडीएफ रोज मोबाईलवरून छापतो. बाबांना नक्की जमेल, दोनदा त्यांना स्वतःच्या हाताने करू द्या, आपण करून दाखवू नका.

माजघर | बुधवार, रात्री ८:१५

शिरवळची ताई, जसंच्या तसं केलं आणि झालं. मुलीने लॅपटॉपवरून फाईल बदलली, मी पडवीत उघडली तर बदललेली. पेनड्राइव्ह खणात ठेवून दिलाय.

एक अडचण मात्र आली. मोबाईलवर डेस्कटॉपवरचा जुना ठराव उघडला तर सगळं अगम्य, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. डेस्कटॉपवर मराठी बरोबर दिसतं.

शिरवळची | बुधवार, रात्री ८:४०

तो ठराव जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला असणार. त्या फाँटमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांना मराठीचा आकार देतो, आणि फाँट ज्या यंत्रात नाही तिथे ती मूळ अक्षरं उघडी पडतात. शेअरिंगचा काही दोष नाही. जुन्या फाईल डेस्कटॉपवरून पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. नवीन सगळं युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे मुलीलाही तिच्याकडे दुरुस्त करता येईल.

उरणकर | बुधवार, रात्री ९:०५

आणि ताई, डेस्कटॉप विंडोज १० आहे म्हणालात, त्याचे नेहमीचे मोफत अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबलेत. मशीन घेऊ शकत असेल तर ११ करून घ्या. नाहीतर निदान गट फोल्डरची एक प्रत दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर ती प्रत नव्हे.

भिजपाऊस | गुरुवार, दुपारी १२:२०

माझ्याकडे जुना यूएसबीवाला लेझर आहे, वायफाय नाही. कॉम्प्युटरला लावून शेअर केलाय पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडताना शेवटी ११बी असलेला एरर येतो. नेटवर विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या साठ्यात) एक शून्य घालायला सांगतात. करू का?

शिरवळची | गुरुवार, दुपारी १:००

नको. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये (छपाई सांभाळणाऱ्या भागात) प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी त्रुटी सापडली, तिच्या मागोमाग छपाईच्या बाकीच्या फटीही बुजवायला घेतल्या आणि एक मशीन अपडेट झालेलं, दुसरं नाही, असं असलं की हा एरर यायला लागला. ते शून्य म्हणजे बुजवलेली फट परत उघडणं. आधी दोन्ही मशीनचे अपडेट पूर्ण करा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर आधीच हाताने टाकून मग जोडा. तरी नाही झालं तर एक रास्पबेरी पाय (छोटासा लिनक्सवाला कॉम्प्युटर) घ्या, त्यावर कप्स हे प्रिंटर शेअर करणारं सॉफ्टवेअर टाका आणि लेझर त्याला लावा. मी घरी तसंच केलंय, आता मोबाईललाही तो जुना लेझर वायफाय प्रिंटर असल्यासारखा दिसतो. फक्त घ्यायच्या आधी तुमच्या मॉडेलला लिनक्सचा ड्रायव्हर आहे का बघा, काही स्वस्त लेझर सगळं काम विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकतात.

माजघर | शनिवार, रात्री ९:२०

काल रात्री इथे जोराचा पाऊस, साडेसातला लाईट गेली ती आज सकाळी नऊला आली. मला पहिला विचार हाच आला की आता प्रिंटर परत ऑफलाइन होणार, कारण मे महिन्यापासून लाईट गेली की दरवेळी काहीतरी बदलायचं. सकाळी सगळं आपापलं चालू झालं, डेस्कटॉप लावला, प्रिंट दिली. निघाली. ५० नंबर तसाच आहे.

तारवाला दादा, लाईट नसताना चालवायचं असेल तर इन्व्हर्टरवर काय काय लावू?

तारवाला | शनिवार, रात्री ९:४५

डबा आणि मागचा राउटर दोन्ही खुशाल लावा, त्यांना फार थोडी वीज लागते, किंवा राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, पण अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्टच लिहिलंय ना ते वाचून. तुमचा इंक टँक आहे, तोही चालेल. भिजपाऊस यांनी मात्र लेझर इन्व्हर्टरवर लावू नये, आतला हीटर तापताना एकदम खूप वीज ओढतो.

माजघर | शनिवार, रात्री १०:०२

उद्या लावते. सोमवारी तीन गटांची कागदपत्रं एकदम द्यायची आहेत, एकूण ६० पानं. मुलगी मागून अर्धी पाठवणार, मी पडवीतून अर्धी. भाच्याला पण हा धागा पाठवलाय, त्याच्या घरी डोंबिवलीला दोन राउटर आहेत, केबल निळ्या भोकातच आहे म्हणतो.